दगडाच्या तळाशी चार बोटं जागा

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या मांडीवर पत्रकांचं खोकं होतं. पत्रक मीच लिहिलेलं. वर ठळक अक्षरांत एक ओळ : 'पूर्वीच्या युद्धांत सैनिक मरायचे, आजच्या युद्धांत माणसं मरतात.' आमच्या गटाच्या बैठकीत ही ओळ वाचली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. टाळी पडली की मी पुढचा विचार करायचं थांबते. हे शहाणपण आत्ताचं. त्या सकाळी मी ती ओळ दोनदा वाचून खूश झाले होते.

कंडक्टरनं खोक्यावर टिचकी मारली. "काय हाय यात?"

"पत्रकं."

"कोणत्या पार्टीची?"

"पार्टीची नाहीत. युद्धाच्या विरोधातली आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या मांडीवर. निवडणुकीची असती तर लगेजचं तिकीट फाडलं असतं." तो हसत पुढे गेला.

निघायचं कारण सुमनबाई. दोन महिन्यांपूर्वी आम्ही शहरात एक सभा घेतली होती. कामासाठी परदेशात गेलेली आणि तिथल्या युद्धात मेलेली आपल्याकडची पोरं, त्यांच्या घरच्यांची सभा. बहुतेक जण बोलता बोलता रडले. सुमनबाई रडल्या नाहीत. उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "माझा अमोल कामाला गेलता, लढायला न्हाई. मेला मात्र लढाईत. आता आमच्या गावात लढाईत मेलेल्यांच्या नावाचा दगड बसतोय. त्यावर त्याचं नाव पायजे. बाकी मला बोलता येत न्हाई." आणि बसल्या. सभा संपल्यावर त्यांनी मला गाठलं. अक्षरं कोरणारा माणूस पोळ्याच्या दिवशी येणार होता. गावच्या कमिटीनं त्यांना अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "तुमी या," त्या म्हणाल्या. "तुमाला बोलता येतं."

मला बोलता येतं, हे खरं आहे.

शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. नदी दोन्ही काठ भरून, मातकट रंगाची. गेवराई मागे पडली, बीडला अर्धी एसटी उतरली आणि तेवढीच भरली. पुढे गाडी बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्याला थांबली. इथे सगळे रस्ते एकत्र येतात आणि सगळ्या गाड्या जेवायला थांबतात. ढाब्यावर ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी घेतली. समोर टीव्हीवर युद्ध चालू होतं. कुठलं ते महत्त्वाचं नाही, कारण सगळ्या युद्धांना एकच संगीत लावतात. एक इमारत वरून दिसत होती, तिच्यावर लाल गोल काढलेला, मग धूर. हे दृश्य पाच वेळा दाखवलं.

बाजूच्या टेबलावरचा ट्रकवाला घास थांबवून म्हणाला, "काय उडवलं बे!"

मला राहवलं नाही. "त्या इमारतीत कोण होतं माहीत आहे का तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे आणि मग माझ्या खोक्याकडे पाहिलं. "ताई, मी कुठं उडवलं? मी तर भाजी खातोय."

त्याच्या टेबलावर मी एक पत्रक ठेवलं. त्यानं वाचलं, मान हलवली आणि तोंडी लावायचा कांदा त्यावर ठेवला.

चौसाळ्याला उतरले. हे मोठं गाव, हमरस्त्यावरचं. दुकानांपुढे पोळ्याचा माल टांगलेला होता : घुंगरमाळा, रंगीत गोंडे, झुली, शिंगांना लावायचा हिंगूळ (लाल रंग). इथून नांदूरघाटच्या बाजूला जाणारी जीप रफीकभाईंची. पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी, गाडी भरेपर्यंत न निघण्याचा निश्चय. मला पुढे बसवलं, कारण खोकं मागे मावत नव्हतं.

रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, माळावर सीताफळाची झुडपं. रफीकभाईंनी गाडी चालवता चालवता पत्रक वाचलं, म्हणजे मी घाबरून त्यांना ते वाचून दाखवलं.

"'पूर्वीच्या युद्धांत सैनिक मरायचे,'" त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं. "ये किसने बोला आपको?"

"म्हणजे?"

"आमच्या दादाचे (आजोबांचे) थोरले भाऊ. पोलिस ॲक्शनच्या साली बाजाराला गेलते, आले न्हाईत. ते कुठले सैनिक? चांभारी वाहणा विकायचे." त्यांनी गिअर बदलला. "त्याच्या आधी रझाकाराच्या भीतीनं हिंदूंची घरं ह्याच रस्त्यानं पळाली. मग आमची पळाली. पळायचा रस्ता एकच, बघा. शब-ए-बारातला लोक आपापल्या कबरीवर जातात. त्यांची कबरच न्हाई. मग आमी शेताच्या बांधावर एक लिंब हाय, तिथं अगरबत्ती लावतो."

"त्यांचं नाव कुठे लिहिलेलं आहे का?"

"लढाई थोडीच व्हती ती? लढाई न्हाई तर दगड न्हाई, दगड न्हाई तर नाव न्हाई."

मी हे वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. एवढं करूनही खोक्यातली ओळ मला खटकली नाही. माणूस आपल्याच वाक्याच्या इतका प्रेमात पडू शकतो, याची लाज मी आज इथे नोंदवते.

गावाचं नाव लिहीत नाही. सुमनबाईंनी तसं सांगितलंय. त्यांचं घर गावाच्या कडेला भीमनगरात, पत्र्याचं, समोर शेणानं सारवलेलं अंगण. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याशेजारी अमोलचा, आयटीआयच्या गणवेशातला. फोटोला हार नव्हता. "हार घातला की गेल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या आणि मला भाकरी वाढली. सोबत येसरची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याचं तिखट कालवण). डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवले.

"अमोललाबी असंच व्हायचं. पाणी गाळायचा आन परत वाढ म्हनायचा."

अमोलला गोदामातलं काम सांगून नेलं होतं. माल उतरवायचा, चढवायचा. तो देश युद्धात होता हे एजंटनं सांगितलं नाही, आणि अमोलला कळलं तेव्हा त्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात होता. गोदामातून त्याला पुढे नेलं, मग अजून पुढे, शेवटी खंदकांपर्यंत पेट्या पोचवायला. देशाचं नाव सुमनबाई घेत नाहीत, 'तिकडं' म्हणतात. मीही इथे तेच म्हणते.

जेवण झाल्यावर त्यांनी मोबाइल आणला. "तुमाला दाखवते. गावात कुणाला दाखवलं न्हाई."

व्हिडिओ वरून घेतलेला होता. उघडं रान, बर्फ वितळून झालेला चिखल, त्यात पळणारे तीन ठिपके. आवाज नव्हता. कुणीतरी तो मजेसाठी इंटरनेटवर टाकला होता आणि तिकडच्या दुसऱ्या पोरानं त्यांना पाठवला होता. मधला ठिपका मागे पडला. मग पडदा पांढरा झाला.

"मधला," त्या म्हणाल्या.

"मावशी, चेहरा तर दिसत नाही..."

"डावा हात बघा. अंगाशी धरलाय. लहान व्हता तवापास्न हापशावरनं पाण्याची कळशी आनायचा, डाव्या कमरंवर. कळशी नसली तरी तसाच पळायचा. पोरं हसायची त्याला."

मी पुन्हा बघितलं नाही. युद्धाबद्दल मी वर्षभर लिहितेय. कुठल्याही काळातल्या आईला लेकाचं मरण असं वरून, मारणाऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागलं असेल का, हे मला माहीत नाही. नव्या युद्धाचं नवेपण कुणी मला विचारलं तर मी ही एवढीच गोष्ट सांगेन.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"सुभेदारांच्या हातात हाय. पगारासाठी गेलता त्यो, असं म्हनायचे. सकाळी भेटलते, नरम वाटले. आज खांदमळणी हाय, बाकीची नावं कोरून झाली, उद्या त्यो कोरणारा उरलेलं काम कराया येतोय."

खांदमळणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून तूप-हळद चोळतात तो विधी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची माफी मागायची आणि बैलाला आवतण (आमंत्रण) द्यायचं. सुभेदार म्हणजे गावातले निवृत्त फौजी, वय पंचाहत्तरीच्या आसपास, जुन्या जमीनदार घराण्यातले, दगडाच्या कमिटीचे प्रमुख. एकाहत्तरच्या लढाईत होते.

सुमनबाई म्हणाल्या, जरा पडा. मी पडायला हवं होतं. त्याऐवजी मी खोकं उचलून मारुतीच्या पारावर गेले. माणसं बैलांच्या वेसणी बदलत बसली होती. अर्ध्या तासात साठ-सत्तर पत्रकं वाटली. एका आजोबांनी विचारलं, यात योजनेचा फॉर्म हाय का. मी समाधानानं परत आले.

चार वाजता सुभेदार अंगणात उभे होते. ताठ, पांढरं धोतर, डोळ्यांवर चष्मा, हातात माझं पत्रक.

"ही ओळ तुमी लिवली?"

"हो."

त्यांनी ती मोठ्यानं वाचली. मग चष्मा काढला. "मंग सैनिक कोण व्हतं, ताई? आमी कोण व्हतो? जनावरं?"

"काका, शब्दशः घेऊ नका. त्याचा अर्थ..."

"दगडावर शब्दशःच असतंय."

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण पत्रक लिहून शिकलेल्या माणसाला वाटतं, समोरच्याचा मुद्दा आला की त्यावर आपला टाकायचा. मी म्हणाले, "तुम्ही म्हणता अमोल पगारासाठी गेला. मग सैनिकालाही पगार असतोच की. फरक काय?"

मागे पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. सुभेदारांनी पत्रकाची घडी घातली, आणखी एक घातली, खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही. "सुमनबाई," ते म्हणाले, "उद्या मी व्हय म्हननार व्हतो. आता जमायचं न्हाई." आणि गेले.

सुमनबाई उंबऱ्यावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी तुमाला बोलायला बोलावलं. पर आदी ऐकायचं असतंय, हे सांगायचं राहिलं माझं."

एका आईचं वर्षभराचं काम मी एका दुपारी मोडलं होतं.

दिवस कलायच्या आत मी सुभेदारांना शोधत निघाले. ते वेशीपाशी सापडले. तिथे एक जुना वीरगळ (लढाईत मेलेल्याच्या स्मरणाचा कोरीव दगड) आहे आणि त्याच्या शेजारी नवा काळा ग्रॅनाइट, खड्ड्यात लाकडांच्या टेकूवर उभा केलेला. भोवतीचा ओटा अजून बांधायचा होता. सुभेदारांच्या हातात तूप-हळदीची वाटी होती. या गावात बैलांचे खांदे मळून झाले की वीरगळाचाही खांदा मळतात. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. दगडातल्या माणसाचा डावा खांदा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेला आहे.

त्यांनी माझ्याकडे न बघता खांदा चोळला आणि म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलांना म्हणतात तेच.

मी म्हणाले, "काका, मी चुकले."

"कशात?"

"तुमच्याबरोबरची माणसं माणसंच होती. ओळ चुकीची आहे."

वाटी खाली ठेवून ते ग्रॅनाइटकडे वळले. बोटानं पहिलं नाव दाखवलं. "ह्यो माझ्या शेजारी व्हता. झोपेत हसायचा. आमी त्याला मारायचो, गप बस बे, ठावठिकाणा कळंल. त्याला लिवता येत न्हवतं, त्याच्या बायकोला पत्र मी लिवायचो. शेवटचं बी मीच लिवलं. आन मी ज्याला मारलं त्याचं तोंड मला अजून दिसतं. मिसरूड फुटत व्हतं त्याला. अमोलला ज्यानं मारलं, त्यो कुठं बसला असंल? खुर्चीवर. मला वाटायचं आमची लढाई जरा बरी, तोंड बघून व्हती. मंग हे वर आलं."

त्यांनी मला वीरगळाच्या पुढे बसवलं. अशा दगडाला एकावर एक चौकटी असतात. सगळ्यात वर चंद्र, सूर्य, शिवलिंग. मधे मेलेल्याला अप्सरा हातांना धरून स्वर्गात नेतायत. जुन्या काळचं पत्रकच ते. मला लगेच ओळखू आलं. मरा, वर सोय केलेली आहे. सगळ्यात खाली खरी लढाई. ती चौकट इतकी वर्षं छातीपर्यंत मातीत गाडलेली होती. वर दिसायचं ते एक डोकं, झिजलेला खांदा आणि हातातल्या लांब वस्तूचं टोक.

"आमच्या घरात सांगत आले, आमचा मूळपुरुष, सरदार. हातात भाला. नव्या दगडाचा पाया खांदला तवा माती निघाली. बघा."

मी बघितलं. भाल्याचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलं होतं. माणूस एका पायावर उभा, दुसरा पाय त्यावर दुमडलेला, काठीला रेललेला. माळावर कुणीही गुराखी उभा राहतो तसा. कमरेला तलवार नाही. तलवारी होत्या, त्या समोरून येणाऱ्यांच्या हातांत. पायांशी गाईंची रांग. आणि तळाला तोच माणूस आडवा पडलेला, त्याच्या कुशीशी एक लहान आकृती. वासरू असेल किंवा लेकरू. झिजलंय, कळत नाही.

"कामालाच गेलता ह्यो बी," सुभेदार म्हणाले. "गुरं घेऊन. महिना झाला मला दिसून. कुणाला सांगितलं न्हाई. घरात भाऊबंद म्हनतील, सरदाराचा गुराखी केला म्हाताऱ्यानं. पर रोज येऊन बघतो. पगार घेत व्हता का, असं याला कुणी विचारलं न्हाई. दगड उभा केला."

म्हणजे माझी ओळ दोन्ही बाजूंनी खोटी होती. सैनिक माणूस होता. आणि पूर्वीही फक्त सैनिक मरत नव्हते. बाकीचे मातीखाली होते, म्हणून दिसत नव्हते. मी हे त्यांना म्हणाले.

"चुकीचं हाय, तर वाटलं कावून (का म्हणून)?" ते म्हणाले आणि वाटी तिथेच ठेवून निघून गेले.

उजेड होता तोवर मी घरोघर फिरून पत्रकं परत मागितली. दारावर जाऊन पत्रक देणं सोपं असतं, परत मागून बघा. "दिलेलं परत घेतात व्हय?" एक बाई म्हणाली, तिनं त्यात हिंगूळ बांधून ठेवला होता, तो सोडून कागद दिला. आजोबांना अजून फॉर्मची आशा होती. मग अंगणात बसून मी पेननं एकेक ओळ काळी करायला लागले. थोड्या वेळानं सुमनबाई दुसरं पेन घेऊन शेजारी बसल्या. त्या सातवी शिकलेल्या. पट्टी धरून, अक्षराचा एक कान वर राहू न देता त्या खोडत होत्या. समोरच्या रस्त्यानं सुभेदार बैल घेऊन गेले. त्यांनी पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

पोळ्याच्या सकाळी केजहून कोरणारा आला, मोटारसायकलवर मशीन बांधून. वेशीपाशी कमिटीची आठ-दहा माणसं जमली होती. सुमनबाई धुतलेलं पातळ नेसून, जरा लांब, लिंबाखाली उभ्या होत्या. आणखी जवळ या असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मी त्यांच्याजवळ, तोंड बंद ठेवून.

सुभेदार म्हणाले, "एक नाव वाढवायचंय. अमोल."

एक माणूस चप्पल काढून परत घालत राहिला. मग कोरणाऱ्यानं टेप लावली आणि मान हलवली. "जागा न्हाई, साहेब. वर सगळं मोजून बसवलंय. खाली तळाला चार बोटं हाय, पर ती ओट्यात जाणार. सिमेंट पडलं की झाकलं."

"मागच्या अंगाला कोरा की," चप्पलवाला म्हणाला.

"मागं न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. लिंबाखालूनच.

"मंग खाली कोरा. झाकलं तर झाकलं. नाव तर झालं ना?"

माझ्या जिभेवर पूर्ण भाषण आलं होतं. मी ते गिळलं. सुभेदार ग्रॅनाइटकडे बघत नव्हते. ते शेजारच्या जुन्या दगडाच्या तळाकडे बघत होते, जिथे ताजी माती निघाली होती.

"दगड वर घ्या," ते म्हणाले.

"आँ?"

"वीतभर वर घ्या. खाली चिरे सारा. ओटा आहे तिथंच ऱ्हाऊ द्या."

"आज? जेसीबीवाला पोळ्याला गावाला गेला. बैलाला आज जू लावत न्हाईत."

"बैलाला न्हाई लावत," सुभेदार म्हणाले. "आपल्याला कुणी नको म्हनलंय?" आणि पंचाहत्तरीचा तो माणूस सदऱ्याच्या बाह्या सारून खड्ड्यात उतरला.

म्हातारा उतरला म्हटल्यावर बाकीच्यांना उतरावं लागलं. दोन पहारी (लोखंडी कांबी) आल्या. "धर बे नीट!" "तूच धर, माझ्या पायावर घेतोस व्हय?" "सुभेदार, तुमी बाजूला व्हा हो, एक दगड बसवताना दुसरा कोरावा लागंल." हसले, आणि परत जोर लावला. शेवटच्या वेळी पहार सटकली आणि दगडाची सगळी कड सुभेदारांच्या खांद्यावर आली. ते हलले नाहीत. कुणीतरी चिरा सारला. दगड बसला.

कोरणाऱ्यानं मशीन जोडलं. "नावाच्या आदी काय? वर शिपाई, नाईक, हवालदार असं हाय. याला शहीद टाकू?"

चप्पलवाल्यानं मान वर केली. पण उत्तर सुमनबाईंनी दिलं. आता त्या दगडापर्यंत आल्या होत्या. "शहीद नको. कामगार लिवा. त्यो कामालाच गेलता."

मशीनचा आवाज बराच वेळ चालला. पांढरी भुकटी उडत होती. एकेक अक्षर उमटेपर्यंत सुमनबाई उकिडव्या बसून बघत होत्या, काल पट्टी धरून ओळी खोडत होत्या तशा. झाल्यावर त्यांनी पदरानं भुकटी पुसली.

मग त्या उठल्या. सुभेदारांचा सदरा खांद्यावर फाटला होता, आत सोलवटून रक्त आलं होतं. वीरगळापाशी कालची वाटी तशीच होती. सुमनबाईंनी ती उचलली, दोन बोटं बुडवली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावली. त्या गावात भीमनगरातल्या बाईचा हात त्या घराण्यातल्या पुरुषाच्या खांद्यावर कुणी कधी पाहिला नसावा. सुभेदार मात्र खांदा पुढे करून, मान खाली घालून उभे राहिले.

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, खांदमळणी काल झाली की. तुमची राहिली व्हती व्हय?"

हसू फुटलं. सुमनबाई हसल्या नाहीत. चोळता चोळता हळूच म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"येतो," सुभेदार म्हणाले.

दुपारी बैल निघाले. शिंगं लाल, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. दरवर्षी एका दगडाला फेरी घालतात, या वर्षी दोन्ही दगडांना घातली. नव्या दगडाजवळ एक बैल बुजला आणि त्याचा मालक त्याला म्हणाला, "चल, अमोल हाय तो."

रफीकभाईंच्या जीपनं चौसाळ्याला आले, तिथून एसटी. मी तुलना करायला निघाले होते : तेव्हाची युद्धं, आत्ताची युद्धं, कुठल्यात माणूस जास्त मेला. आकडे मांडणारे मांडोत, मांडायलाच हवेत. आत्ताचं मारणं लांबून होतं, खुर्चीवरून होतं, आणि ते आईच्या मोबाइलवर येतं. हे मी ओरडून सांगत राहणार आहे. पण तेव्हाचं युद्ध स्वच्छ होतं असं आता मी कधी लिहिणार नाही. त्या गुराख्याच्या कुशीतलं ते वासरू की लेकरू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बांधावरचा तो लिंबही जात नाही. त्याला अजून दगडसुद्धा नाही.

खोकं मांडीवर होतं. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर काळी पट्टी. काही पट्ट्या माझ्या घाईच्या, बाकीच्या सुमनबाईंच्या, सरळ. ती पत्रकं मी तशीच वाटते आहे. लोक विचारतात, इथे काय होतं? मी सांगते. बरंच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सुमनबाईंना फोन केला. सुभेदार आले का, हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यांनीच सांगितलं.

"आलते. दोन भाकरी खाल्ल्या. येसर लई तिखट लागला त्यांना, डोळ्यांतनं पाणी गाळत व्हते." मग म्हणाल्या, "आन परत वाढा म्हनाले."